खुलासा: ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ कॅट स्टीव्हन्सचं नाही

ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्सच्या १९७५ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या गाण्यांच्या संग्रहाबद्दल एक मजकूर फिरतोय: यातली सगळी गाणी त्याने स्वतः लिहिली आणि ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ इस्लाम स्वीकारल्यावर सुचलं. दोन्ही चूक.

त्या गाण्याचे शब्द एलिनॉर फार्जन या इंग्लिश कवयित्रीचे. १९३१ मध्ये ते चर्चच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात छापून आले, म्हणजे कॅटच्या जन्माआधी तब्बल १७ वर्षं! चाल त्याहून जुनी, स्कॉटलंडची गेलिक लोकधून. तिथल्याच मल (Mull) बेटावरच्या बनेसन गावावरून तिला नाव पडलं. कॅटने हे गाणं १९७१ मध्ये ‘टीझर अँड द फायरकॅट’ या अल्बमसाठी गायलं. सुरुवातीचा तो सुंदर पियानोही त्याचा नव्हे, रिक वेकमनचा. (मला विचाराल तर अर्धं गाणं त्या पियानोतच आहे.) इस्लाम त्याने स्वीकारला १९७७ मध्ये. तोवर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह बाजारात येऊनही दोन वर्षं झाली होती.

याच संग्रहातलं ‘अनदर सॅटर्डे नाइट’ मूळचं अमेरिकन गायक सॅम कुकचं, १९६३ चं. बाकी ‘वाइल्ड वर्ल्ड’, ‘मूनशॅडो’, ‘फादर अँड सन’ मात्र खुद्द कॅटची.

गंमत म्हणजे उलटाही घोळ होतो. ‘द फर्स्ट कट इज द डीपेस्ट’ अनेकांना ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्टचं वाटतं. ते लिहिलंय कॅटने, आणि रॉडच्या कितीतरी आधी, १९६७ मध्येच, पी. पी. अर्नोल्ड या गायिकेने ते गाजवलं होतं. या संग्रहात मात्र ते शोधू नका, त्यात ते नाहीच.