बिघाडाची बदली

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतला बिघाड दुरुस्त होत नसतो, त्याची बदली होते. या खात्यातून त्या खात्यात. मालक फारच कामसू असला तर बढतीवर.

आमच्या गाडीत तो मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसमध्ये रुजू होता. गिअर टाकून क्लच सोडला की गाडीच्या पोटातून 'टक्' असा आवाज यायचा. क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात वळूनही फिरणं पुढे पोचवणारा सांधा. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव त्याला चिकटलेलं आहे. त्यामुळे गाडीखाली उताणं पडून शिव्या घालायच्या तर त्या साडेचारशे-पाचशे वर्षं मागे पाठवाव्या लागतात, आणि पोचल्याची पावती मिळत नाही.

शाफ्ट काढायचा म्हणजे फ्लँजचे चार बोल्ट सोडायचे. तीन शहाण्यासारखे सुटले. चौथ्यावर गंज सोडवणारं तेल मारलं, वाट पाहिली, हातोडीने हलकेच समजूत घातली, मग जरा जोरात घातली. शेवटी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि अंगाचं वजन टाकलं. कटकन आवाज झाला. या आवाजानंतर बोल्ट सुटलेला असतो किंवा तुटलेला, आणि पहिल्या क्षणी हाताला दोन्ही अगदी सारखंच लागतं. तो एक क्षण फार सुखाचा. मग बोल्टचं डोकं नाकाच्या शेंड्यावर येऊन पडलं.

शाफ्ट उतरवण्याआधी मी खडूने खुणा केल्या होत्या. त्याला कारण आहे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. हा हेलकावा दुसऱ्या टोकाचा क्रॉस खाऊन टाकतो, पण शाफ्टची दोन्ही टोकांची बेचक्यासारखी तोंडं एका रेषेत असली तरच. मधला सरकता जोड एक-दोन दाते चुकून बसला की सगळी गाडी थरथरते. म्हणून खडू. मी हात धुवून आलो, तर मुलीने मदत म्हणून शाफ्ट रॉकेलने स्वच्छ पुसून ठेवला होता. इतका लख्ख, की तो कारखान्यातून निघाला तेव्हाही तसा नसावा.

"बाबा, किती घाण होती रे त्यावर! पांढरी पांढरीसुद्धा होती."

तोंडं डोळ्यांनी जुळवली. मुलीला शाबासकी द्यावीच लागली.

नवा क्रॉस बसवणं हे नाजूक काम. त्याच्या प्रत्येक वाटीत आतल्या कडेने सुयांसारखे बारीक रोलर उभे असतात, एकमेकांना खेटून, फक्त ग्रीसच्या भरवशावर. वाटी ठोकताना त्यातली एक सुई जरी तळाशी आडवी झाली तरी वाटी पूर्ण आत जात नाही, आणि सर्क्लिप, म्हणजे वाटी अडवून धरणारी कडी, आपल्या खाचेत बसत नाही. बाहेरून मात्र सगळं ठाकठीक दिसतं. केसभर कमी पडतंय असं वाटतं, म्हणून माणूस अजून एक ठोका देतो. मी दिला नाही. वाटी परत काढली, सुया चिमट्याने एकेक उभ्या केल्या, आणि घरात कुणी शिंकू नये अशी सूचना काढली. सर्क्लिप 'टिक्' करून बसली, तेव्हा तो आवाज मी मुलीला पुन्हा ऐकवायचा प्रयत्न केला. पुन्हा होत नाही तो.

'टक्' गेलं. इथे थांबता आलं असतं. पण गाडी स्टँडवर चढलेलीच होती, चाकं उतरलेलीच होती, आणि उंच कमानपाट्यांचा संच कोपऱ्यात माझ्याकडे बघत होता. पाटे बदलले. गाडी रुबाबात दोन इंच वर आली आणि बिघाडाला बढती मिळाली. कारण ॲक्सल खाली लोंबलं की ब्रेकचा रबरी होज आता ताणून बसायचा. म्हणजे लांब होज. होज बदलायचा म्हणजे ब्रेकची लाइन उघडायची, लाइन उघडली की हवा शिरते, आणि हवा काढायला दुसरा माणूस लागतो.

माणूस एकच उपलब्ध होता, मुलगी. ती पेडलवर बसली. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यापासून, सर्वांत लांबच्या चाकाखाली मी, हातात पाना, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव. सोडतो."

बुडबुडा नळीत आला आणि क्षणात उलटा आत गेला.

"पाय काढलास?"

"तूच म्हणालास ना, सोड म्हणून?"

"मी निपल सोडतो म्हणालो!"

"मग निपलचं नाव घ्यायचं ना!"

तह झाला. निपल 'उघडायचं', पेडल 'सोडायचं'. चौथ्या चाकापर्यंत आमची भाषा इतकी शुद्ध झाली, की शेजारी बघायला आले. ते जाताजाता म्हणाले, "एवढं करतोच आहेस, तर कायम चारही चाकांवरच चालवत जा की." ही गाडी पार्ट-टाइम, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच द्यायची; पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सांभाळायला मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घेत गेलं की सगळ्या यंत्रणेला पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, दांडा हलेनासा होतो. हे समजावत मी ब्रेक ऑइलची बाटली बॉनेटवर टेकवली. ब्रेक ऑइल रंग खातं. तिच्या बुडाचा गोल ठसा बॉनेटवर अजून आहे. हा बिघाड माझ्या खात्यात धरायचा नाही; शेजाऱ्यांच्या.

उंच गाडीला जुनी चाकं केविलवाणी दिसायला लागली. म्हणून मोठे टायर आले, व्यासाने दहा टक्के जास्त. आता बिघाड थेट डॅशबोर्डवर बसतो. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने पळत असते. ओडोमीटरही तसाच, ११० किलोमीटर गेलो तर तो १०० नोंदवतो. कागदोपत्री गाडी हळू म्हातारी होते आहे, याचं मला कौतुक होतं. पण त्याच हिशोबाने ॲव्हरेज घसरलेलं दिसतं. मी दुरुस्तीचा आकडा धरून वहीत मांडून पाहिलं. निम्मी घट नुसती कागदावरची निघाली. उरलेल्या निम्म्याला मोठे टायर आणि वाढलेली उंची जबाबदार आहे, असं मुलीचं म्हणणं. मला इंजेक्टरचा संशय येतोय. शनिवारी उघडून बघतो.