भुवयांची पेन्सिल

रोम ते नेपल्स हे सव्वादोनशे किलोमीटर वेगवान गाडीनं सव्वा तासात संपवले. स्टेशनपासून समुद्राकडचे चार-पाच किलोमीटर मात्र अजून डोक्यातून उतरत नाहीयेत. दंडाची पावती पर्समध्येच आहे. फेकवत नाही.

स्टेशनासमोर गारिबाल्दीचा चौक. तिथे त्याचा पुतळा. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला हा गृहस्थ ७ सप्टेंबर १८६० रोजी नेपल्स ताब्यात घ्यायला चक्क रेल्वेनं आला होता. त्याला कुणी तिकीट विचारलं असेल असं वाटत नाही. इटलीतली पहिली रेल्वे याच शहरात, १८३९ मध्ये धावली, म्हणजे आपल्या मुंबई-ठाण्याच्या जवळजवळ चौदा वर्षं आधी. एवढा जुना अनुभव गाठीशी असलेल्या गावात तिकीट हा विषय एव्हाना निकाली निघाला असेल, अशी माझी समजूत होती.

बसचं तिकीट आम्ही सिगारेटी विकणाऱ्या दुकानातून घेतलं. तिथे तशीच पद्धत आहे. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उमटवायचा. मी लोकलची कुपनं पंच करण्यात उमेदीची वर्षं घालवलेली बाई, मला यात नवीन ते काय? यंत्रात तिकीट घातलं. ढिम्म. उलटं घातलं, सुलटं घातलं, एक हलकी चापट मारली. चापट मात्र शेजारी बसलेल्या आजीबाईंना पटली नाही.

आजीबाई सत्तरीच्या पुढच्या. मांडीवर भाजीची पिशवी, गळ्यात मेरीमातेचं पदक, आणि आवाज असा की पुढच्या ड्रायव्हरनं आरशात बघावं. मला इटालियन येत नाही, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मागच्या सीटवरची एक कॉलेजची मुलगी इंग्रजीतून दुभाषीपणा करू लागली. मथितार्थ असा, की यंत्र बंद असेल तर तिकिटावर तारीख आणि वेळ आपणच लिहायची. पेन?

माझ्याकडे नव्हतं. नवऱ्याकडे नव्हतं. आजीबाईंनी बसला विचारलं. अख्खी बस खिसे चाचपू लागली. एकानं लायटर काढला, एकानं किल्ल्या. ज्याच्या-त्याच्या हातात फोन होता, पेन एकाकडेही नाही. शेवटी आजीबाईंनी पिशवीतली वांगी बाजूला सारून तळातून भुवया कोरायची पेन्सिल काढली, आणि आमची तिकिटं गुडघ्यावर ठेवून स्वतःच तारीख घातली. आधी नवऱ्याच्या तिकिटावर, ठसठशीत. माझ्या पाळीपर्यंत टोक बोथट झालं होतं. मग मी मुंबईची म्हटल्यावर मुलं किती, सासू आहे का, सासू स्वयंपाकात लक्ष घालते का, ही चौकशी झाली. माझं शेवटचं उत्तर त्यांनी पलीकडच्या रांगेलाही कळवलं.

दोन थांबे गेले आणि चेकर चढला. त्याक्षणी कानात बोंडं घातलेली दोन पोरं मधल्या दारातून शांतपणे उतरून गेली. चेकरनं त्यांना उतरताना बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. मग तो सरळ आमच्याकडे आला, कारण आमच्याकडे चाकांच्या बॅगा होत्या. नवऱ्याचं तिकीट चाललं. माझं घामानं पुसट झालेलं, ते चाललं नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं कुणीही खोडून पुन्हा वापरेल, असं त्याचं म्हणणं. पेन्सिल तीच, हात त्याच आजींचा! पण नवरा म्हणाला, “तू ओल्या हातानं कशाला धरलंस?” याचा हिशेब घरी व्हायचाय.

आजीबाई उठून उभ्या राहिल्या. पुरावा म्हणून पेन्सिल चेकरच्या नाकासमोर नाचवली. ड्रायव्हर इंजिन बंद करून मागे आला. तो आमच्या बाजूनं आलाय असं मला वाटलं, पण त्याला नुसतं ऐकायचं होतं. या शहरात कॉफीची एक सुंदर चाल आहे, आपली पिताना एका अनोळखी गरजू माणसाच्या कपाचेही पैसे आधीच देऊन ठेवायचे. दंडाच्या बाबतीत मात्र कुणी पुढे सरसावलं नाही. तेवढ्या पैशांत आम्ही दोघं दोन दिवस पोटभर जेवलो असतो. यंत्र दुरुस्त करायचं नाही, फुकटे मधल्या दारानं सोडायचे आणि पाहुण्याकडून वसुली करायची, याला काय म्हणावं? आणि पावती लिहायला चेकरनं खिशातून काय काढलं? पेन. निळं, टोपणाचं.

पैसे दिल्यावर आजीबाईंनी मला खाली बसवलं. एवढे पैसे भरलेस तर आता शेवटच्या थांब्यापर्यंत जा, असं त्यांनी मुलीकरवी सांगितलं, आणि स्वतः पुढच्याच थांब्यावर वांगी सांभाळत उतरल्या. आमचा थांबा भांडणातच मागे गेला होता. शेवटच्या थांब्यावरून परतायला नवी तिकिटं हवी होती, आणि दुपारची वेळ असल्यानं सिगारेटवाल्याचं शटर खाली होतं. त्या गावच्या रस्त्यांना ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या लाद्या आहेत. फोटोत छान दिसतात. माझ्या बॅगेचं डावं चाक पहिल्याच चढावर निखळलं. नवऱ्याची बॅग व्यवस्थित चालत होती.