चेटकिणीचं वकीलपत्र घेणारा जादूगार

जादूवर विश्वास ठेवणारे तेवढे मागास आणि जादूच्या विरोधात उभे राहणारे तेवढे शहाणे, अशी सोयीची वाटणी करून युरोपचा इतिहास वाचायला घेतला की एक माणूस हमखास आडवा येतो. हाइनरिख कॉर्नेलियस आग्रिप्पा. जन्म कोलोनचा, 1486 सालचा. मृत्यू फ्रान्समध्ये ग्रनोबलला, 1535 साली. वैद्य, वकील, सैनिक, दरबारी इतिहासकार आणि युरोपातल्या गूढविद्येच्या सगळ्यात गाजलेल्या ग्रंथाचा लेखक. मला हा माणूस आवडतो. त्याची जादू मला पटत नाही, तरीही आवडतो.

1519 साली तो मेट्झ शहराच्या नोकरीत होता, शहराच्या वतीने बोलणारा पगारी वकील. जवळच्या वॉपी गावातल्या एका शेतकरी बाईवर चेटूक केल्याचा आळ आला. खटल्यामागे निकोलस साविनी नावाचा, डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथातला इन्क्विझिटर, म्हणजे पाखंड हुडकणारा धर्मन्यायाधीश. (इन्क्विझिशन म्हणजे काय हे गोव्यामुळे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथे ते 1560 मध्ये आलं आणि 1812 पर्यंत टिकलं.) साविनीचा मुख्य पुरावा काय, तर या बाईच्या आईलाही चेटकीण म्हणून जाळलं होतं. चेटकिणी आपली मुलं जन्मतःच सैतानाला वाहतात, म्हणजे मुलगीही त्याचीच झाली. संपलं!

आग्रिप्पाने काय करावं? ‘चेटकिणी नसतातच’ असं तो म्हणाला नाही. तसं म्हटलं असतं तर बाईच्या शेजारी त्यालाही उभं केलं असतं. त्याने धर्मशास्त्रच बाहेर काढलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री सैतानाला हाकलतो ना? मग बाप्तिस्मा झालेली मुलगी आईच्या पापामुळे सैतानाचीच राहते असं म्हणणारा माणूस बाप्तिस्म्यालाच खोटं ठरवतो. म्हणजे पाखंडी कोण? साविनीचं हत्यार त्याने साविनीवरच उलटवलं. बाई सुटली. आग्रिप्पाला मात्र पुढच्याच वर्षी मेट्झ सोडावं लागलं.

आता गंमत बघा. हे सगळं चाललेलं असताना याच्या स्वतःच्या कागदपत्रांत जादूवरच्या ग्रंथाचं हस्तलिखित होतं! 1510 मध्येच लिहून झालेलं. ट्रिथेमियस नावाच्या मठाधिपतीला त्याने ते वाचायला पाठवलं, तेव्हा मठाधिपतीने कौतुक केलं आणि बजावलं की गावंढळ गोष्टी गावंढळांना सांग, ही रहस्यं फक्त जवळच्या मित्रांसाठी ठेव.

ग्रंथाचे तीन खंड आहेत, कारण त्याच्या मते जगं तीन: खाली पंचमहाभूतांतलं एक वगळून चार तत्त्वांचं, मध्ये ग्रहताऱ्यांचं, वर देवदूतांचं. वरच्याचा प्रभाव खाली झिरपतो. लोहचुंबक लोखंड का ओढतो हे उष्ण-शीत-कोरडं-ओलं एवढ्यावर सांगता येत नाही, म्हणजे वस्तूत काही छुपे गुण असणार आणि ते ताऱ्यांकडून आलेले असणार. मग सोनं, सिंह, कोंबडा आणि सूर्याकडे वळणारी झाडं सूर्याची, आणि अशा याद्यांवर याद्या. खरं सांगायचं तर वाचताना डुलक्या येतात. एका ठिकाणी मात्र मी दचकले. सात ग्रहांसाठी त्याने आकड्यांचे सात चौकोन दिलेत, आणि शनीचा चौकोन म्हणजे आपल्याकडे ताईत-यंत्रांत दिसणारा तोच नऊ घरांचा, कुठूनही बेरीज करा, पंधराच.

असा माणूस चेटकिणीच्या बाजूने कसा उभा राहिला? माझा तर्क असा आहे. जादू ही त्याच्या दृष्टीने वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची गोष्ट होती. गणित हवं, ग्रहगणित हवं, हिब्रू हवी, वर मन शुद्ध हवं. गावातली निरक्षर बाई रात्री झाडूवर बसून हे सगळं फुकटात मिळवते, हे त्याला हास्यास्पदच वाटलं असणार. यात थोडा विद्वानाचा माज आहे, मान्य. पण त्या माजाने एक जीव वाचला. त्याशिवाय 1509 मध्येच त्याने स्त्रियांच्या श्रेष्ठत्वावर लिहिलं होतं (छापलं 1529 मध्ये). त्यात ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मार्गारेटची मर्जी संपादन करण्याचा हेतू उघड आहे आणि काही युक्तिवाद तर निव्वळ मजेशीर आहेत, पण बायकांना मागे ठेवलंय ते निसर्गाने नव्हे, कायद्याने आणि वळणाने, हे तो स्पष्ट म्हणतो.

पुढे ल्योंला तो फ्रान्सच्या राजाच्या आईचा, सव्हॉयच्या लुईजचा वैद्य झाला. बाईंना औषधापेक्षा मुलाचं भविष्य हवं होतं. याने पत्रांतून कुरकुर केली की माझी विद्या असल्या फालतू कामाला का लावता. पगार थांबला. त्या कडवटपणात 1526 मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं, सगळ्या शास्त्रांच्या निरर्थकतेवर. ज्योतिष, कायदा, वैद्यक, जादू, कोणालाच सोडलं नाही. 1529 मध्ये अँटवर्पला प्लेग आला तेव्हा वैद्य पळाले आणि हा रोग्यांजवळ थांबला. त्याची बायको त्याच साथीत गेली. साथ ओसरल्यावर परतलेल्या वैद्यांनी तक्रार केली की याला वैद्यकी करायचा परवाना कुठाय! 1531 मध्ये तो कर्जापायी ब्रसेल्सच्या तुरुंगात होता.

आणि 1533 मध्ये जादूचा तो जुना ग्रंथ कोलोनला पूर्ण छापला, शेवटी जादूची खिल्ली उडवणारी स्वतःचीच प्रकरणं जोडून. याला कोणी पश्चात्ताप म्हणतं, कोणी इन्क्विझिटरांपासून बचाव. मला वाटतं दोन्ही पानं त्याने मनापासून लिहिली. जादू खोटी वाटावी इतका तो पोळला होता, आणि सोडून द्यावी इतका कधीच नाही.

मेल्यावर अफवा पसरली की त्याचा काळा कुत्रा म्हणजे सैतान होता, आणि मालक मरताना त्याने नदीत उडी घेतली. हे खोडून काढलं त्याच्या विद्यार्थ्याने, योहान व्हायरने. कुत्र्याचं नाव ‘मस्ये’, मी स्वतः त्याला दोरीला बांधून फिरवलंय, म्हणाला. घरात बसून गुरुजींना जगाच्या बातम्या कळायच्या त्या सैतानाकडून नव्हे, पत्रांतून.

हाच व्हायर पुढे वैद्य झाला आणि 1563 मध्ये त्याने लिहिलं की चेटकीण म्हणून पकडलेल्या या म्हाताऱ्या मनाने आजारी आहेत, त्यांना वैद्य द्या. त्याच्यावर तुटून पडला तो जाँ बोदाँ. राज्याच्या सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडणारा, राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आपण ज्याला वाचतो तोच. 1580 मध्ये या प्रकांड कायदेपंडिताने लिहिलं की चेटूक हा इतका भयंकर गुन्हा आहे की त्याला पुराव्याचे नेहमीचे नियम लावू नयेत. आणि कुत्र्याची गोष्टही पुन्हा उगाळली.

वाचायचंच असेल तर जादूचे तीन खंड राहू द्या. शास्त्रांच्या निरर्थकतेवरचं पुस्तक मिळवा आणि वैद्यांवरचं लिखाण आधी काढा. स्वतः वैद्य असून आपल्याच लोकांना काय धुतलंय!