पावती आहे हो माझ्याकडे!

आमच्या खानदानात गाण्यांच्या फाईली पैसे देऊन घेणारी मी एकटीच. कॅसेट, सीडी सगळेच घ्यायचे, ती वस्तू होती, शोकेसमध्ये लावता यायची, पण जे हातात धरता येत नाही त्याला कोणी पैसे मोजतं का, असं माझ्या भावाचं ठाम मत आहे आणि दर दिवाळीला तो ते नव्या पाहुण्यांपुढे मांडतो. "हिने विकत घेतलीत हां गाणी!" पाहुणे "अरेरे" म्हणायचं जेमतेम टाळतात.

तर २०१०-११ च्या आसपास नवा फोन घेतला, त्यात एक म्युझिक स्टोअर होतं, वडापावच्या पैशात एक गाणं. मी बाबांच्या आवडीची घेतली, नाट्यगीतं, भावगीतं, काही अभंग. पावती मेलवर आली ती अजून जपून ठेवलीय. त्याच काळात स्टेशनबाहेरच्या मोबाईलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' असे बोर्ड होते, आठवतात ना, मेमरी कार्ड आणि वीस-तीस रुपये द्यायचे, चहा पिऊन यायचं, की हजारभर गाणी हजर. फोल्डरांची नावं 'मराठी', 'मराठी न्यू', 'मराठी न्यू २', 'दर्द'. आणि गाणं लावलं की स्क्रीनवर गायकाच्या नावाऐवजी कुठल्यातरी फुकट्या वेबसाईटचा पत्ता, म्हणजे साक्षात भैरवी चालू आहे आणि वरती डॉट कॉम. मी त्या गर्दीकडे बघून नाक मुरडत घरी जायचे. कलाकाराला चार पैसे मिळावेत, आपण सुशिक्षित माणसं, वगैरे.

यंदा मिरजेत बाबांच्या टेपरेकॉर्डरने मान टाकली. हेड मिळेना, दुरुस्त करणारा माणूस मिळेना, मग भावाने त्यांना पेनड्राइव्ह लागणारा स्पीकर आणून दिला. आता त्यात गाणी कोण भरणार? मी म्हटलं थांबा, माझ्याकडे आहेत. ओरिजिनल. पावतीसकट.

कॉपी झाली हो. तोच तर खरा छळ आहे. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, फाईली पेनड्राइव्हवर दिसायला लागल्या, नावं बरोबर, साईझ बरोबर, मी थाटात कुरियर केला. पोचल्यावर मिरजेहून फोन.

"वाजंना की गं."

"बाबा, पुढचं गाणं लावून बघा."

"पुढचं पण वाजंना. सगळी बटणं दाबून झाली. तुझी आई पण दाबून गेली."

मग मी इकडे माझ्या लॅपटॉपवर लावून बघितलं तर एक चौकोन उघडला. या फाईलचं लायसन्स सापडत नाही, मिळवायचंय का? 'येस' दाबलं. गोल फिरायला लागलं. मी भाजी फोडणीला टाकून आले, ते फिरतंच होतं. शेवटी आलं, सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, आणि खाली एकच बटण, 'ओके'. ओके कसलं! पण दुसरं बटणच दिलेलं नाही, म्हणजे काय झालंय ते तर झालंच, वर आपणच त्याला संमती द्यायची.

या प्रकाराला डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणतात. गाणं एनक्रिप्ट करून विकतात, म्हणजे फाईल तुमच्याकडे, पण ती उघडायची डिजिटल किल्ली वेगळी, ती स्टोअरचा सर्व्हर देणार, आणि देताना तुमच्या त्या एका मशीनला बांधून देणार. मशीन बदललं की पुन्हा सर्व्हरच्या दारात. साडी पूर्ण पैसे देऊन घ्यायची आणि नेसायच्या आधी दुकानदाराला फोन करून विचारायचं, आणि एक दिवस दुकानाचं शटर पडलं की साडी कपाटात, जशीच्या तशी, घडीसकट, फक्त नेसता येत नाही.

माझ्या स्टोअरचा नियम होता की एका खात्यावर तीनच डिव्हाइस. माझी तिन्ही भरलेली. एक जुना लॅपटॉप, जो भंगारात गेला. एक ऑफिसचा कॉम्प्युटर, ते ऑफिस मी सोडलं. आणि एक तो फोन, जो मी रिक्षात विसरले. यातलं एक नाव काढायचं तर ते त्याच मशीनवर बसून काढावं लागतं. म्हणजे बघा, त्या रिक्षात माझ्यानंतर जो कोण बसला आणि ज्याने तो फोन उचलून खिशात घातला, त्याला माझी नाट्यगीतं ऐकायचा पूर्ण अधिकृत परवाना आहे. मला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी असं ऐकलं होतं, इथे चोराला वर गाणीसुद्धा.

हेल्पलाइन लावली. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले म्हणून तीन दाबलं तर पलीकडून "जी मॅम, बताइए." सगळं रामायण सांगितलं, ऑर्डर नंबर वाचून दाखवला. तो बिचारा फारच सभ्य होता. म्हणाला, मॅम ते प्रॉडक्ट बंद झालंय. मी म्हटलं प्रॉडक्ट बंद झालं असेल, माझी गाणी कशी बंद झाली, पावती आहे हो माझ्याकडे! त्याने मला होल्डवर ठेवलं. होल्डवर गाणं लागलं. तेवढं एक मात्र विनातक्रार वाजलं. परत येऊन म्हणाला, आम्ही तुम्हाला इअरफोनवर दहा टक्के सूट देऊ शकतो. कशात घालू ते इअरफोन?

मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले आणि जरा बरं वाटलं, कारण या कुलपांनी मोठमोठ्यांचं हसं केलेलं आहे. २००२ मध्ये युरोपात कॉपी-प्रोटेक्टेड सीडी आल्या, मोठी टेक्नॉलॉजी म्हणून गाजावाजा, आणि लोकांनी सीडीच्या कडेला साध्या मार्कर पेनने रेघ ओढून ती टेक्नॉलॉजी बाद केली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं की दुसऱ्या एका कंपनीचं कुलूप, सीडी घालताना कीबोर्डवरचं शिफ्ट बटण दाबून धरलं की लागतच नाही. कंपनीने त्याला कोर्टात खेचायची धमकी दिली आणि मग स्वतःच मागे घेतली, शिफ्ट दाबल्याबद्दल खटला भरणार तरी कसा. पण सगळ्यात कहर २००५ चा. सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजच्या कॉम्प्युटरवर लावल्या की एक सॉफ्टवेअर गुपचूप आत जाऊन लपून बसायचं, आणि असं लपायचं की व्हायरसवाल्यांनी त्याचाच आडोसा घेतला. मार्क रुसिनोविच नावाच्या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं, सीडी परत मागवल्या, खटले झाले. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे चोरी रोखणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्येच दुसऱ्यांचा ओपन सोर्स कोड, म्हणजे अटी पाळून कोणीही वापरावा असा खुला कोड, परवान्याच्या अटी न पाळता वापरलेला संशोधकांना सापडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

माझ्यासारख्यांचा ग्रुपसुद्धा जुनाच आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या एमएसएन म्युझिक या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद, नंतर नव्या कॉम्प्युटरवर गाणी न्यायची असतील तर विसरा. लोक खवळले, मग मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली. याच मायक्रोसॉफ्टने २००६ ला स्वतःचा झून प्लेअर काढला त्यावर स्वतःच्याच आधीच्या कुलपाची गाणी वाजत नव्हती, हे तर आपल्याकडच्या सरकारी खात्यांनाही जमलं नसतं. इकडे २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून कंपन्यांना सांगितलं की ही कुलपं काढा, सीडी तुम्ही बिनकुलपाच्याच विकता ना! २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरची गेली. आपल्याकडे २०१२ मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट म्हणून दुकान काढलं, तिथे साध्या एमपीथ्री मिळायच्या, कुठेही वाजवा, आणि ते २०१३ च्या मध्यावर बंद पडलं. दुकान मेलं पण त्यांच्याकडून घेतलेली गाणी लोकांकडे अजून वाजतायत. माझं दुकान मेलं ते गाणी बरोबर घेऊन सती गेलं.

माझा मामेभाऊ मिरजेत वकिली करतो. चेक बाऊन्सच्याच केसेस असतात, पण दुसरा कुठला कायदा विचारला की त्याची कळी खुलते.

"ताई, १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट, कलम ५२. परवानगी न घेता रास्त वापर करायची सवलत, तिला अमेरिकेत फेअर यूज म्हणतात, आपल्याकडे फेअर डीलिंग. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी वापराची सवलत कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून सगळ्याला लागू. आतोबांना पेनड्राइव्ह देणं त्यात बसतं, असं मी तरी कोर्टात मांडेन."

"आणि कुलूप तोडलं तर?"

"त्याच कायद्याचं कलम ६५ए. हक्क मोडायच्या इराद्याने तोडलंस तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इरादा तसा नसेल, कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलंस तर नाही. अमेरिकेत एवढी मोकळीक नाही हां. आणि ब्रिटनमध्ये तर स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी कॉपी करायला २०१४ मध्ये परवानगी दिली आणि २०१५ मध्ये कोर्टाने ती रद्द केली."

"मला कुठे येतंय तोडायला? कोणाकडून तरी तोडून घेते."

"घे की. फक्त मदत करणाऱ्याने तुझं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी तोडतोय त्याची नोंद ठेवायची. कायद्यातच लिहिलंय."

माझ्या डोळ्यांपुढे स्टेशनबाहेरचा तो मोबाईलवाला मुलगा आला, कानात इअरफोन, पुढ्यात लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, अनुक्रमांक, नाव, पत्ता, कारण. कारण: बाबांना भैरवी ऐकायची आहे.

"अजून एक गंमत," वकीलसाहेब आता थांबायला तयार नव्हते. "त्याच कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आहे. वरात आणि लग्नाचे इतर समारंभ, त्यात गाणी वाजवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही." खरंच आहे, मी नंतर वाचलं. २०२३ मध्ये केंद्राने तसं पुन्हा स्पष्ट केलं, गोवा सरकारने मग परिपत्रक काढलं, म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, तो वाद वेगळा. पण वरातीची ओळ कायद्यात आहेच. म्हणजे रस्ता अडवून, डीजेच्या भिंती लावून, खिडक्यांच्या काचा हलेपर्यंत वाजवा, कायदा म्हणतो शुभमंगल. कायद्याला निदान वरात कळते, बाप कळतो, इरादा कळतो. कुलपाला यातलं काही कळत नाही, त्याला मी आणि हजार सीडी छापून विकणारा सारखेच. खरं तर सारखेही नाही, छापणाऱ्याने कुलूप कधीच उडवलेलं असतं, अडकते ती पावतीवाली.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आत्या, एवढं काय, यूट्यूबवरून काढून देतो, दोन मिनिटं." मी नको म्हटलं. मग त्याने बाबांच्या फोनवर स्ट्रीमिंगचं ॲप टाकलं, ट्रायल प्लॅन, गाणी डाउनलोड केली, बाबा खूश. महिन्याने प्लॅन संपला आणि डाउनलोड केलेली सगळी गाणी करडी पडली. दिसतायत, पण दाबली की पैसे भरा. बाबांनी मला फोन करून विचारलं, "ही पण तू विकत घेतली होतीस का?"

मग गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर बाबांचा ऑडिओ आला. आकाशवाणी सांगलीवर सकाळी तीच भैरवी लागली होती, बाबांनी मोबाईल रेडिओपुढे धरून अख्खी रेकॉर्ड केली. टेक्निकल लोक याला ॲनालॉग होल म्हणतात, कितीही कुलपं लावा, शेवटी गाणं कानात शिरायला हवेतून जावंच लागतं आणि तिथे कोणीही फोन धरू शकतो. अंतऱ्यापर्यंत सगळं निर्मळ आहे. मग आईचं "अहो, दूध बघा!" आहे, मग बाबांचं दबक्या आवाजातलं "शू! रेकॉर्डिंग चालूय", आणि शेवटच्या तानेला कुकरची शिट्टी बरोब्बर समेवर पडलीय. बाबांनी ते मला पाठवलं, भावाला पाठवलं आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कॅलिफोर्नियाला कोणाच्या तरी मुलीपर्यंत गेलं.

मामेभाऊ ऐकून म्हणाला, "ताई, तुझा पेनड्राइव्ह मी सोडवला असता. आतोबांचं हे मात्र वैयक्तिक वापरात बसवणं अवघड आहे."

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेत, "अप्रतिम", "जुने ते सोने" वगैरे चालू आहे. एका काकूंनी तेवढं विचारलंय की कुकर कुठला, शिट्टी फार खणखणीत आहे. बाबांनी लगेच फोटो टाकला.