झाकणावरचं साल आणि तळाची खूण

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : तुमच्या जर्मन फायान्स (कथिलाची पांढरी झिलई दिलेली मातीची भांडी) मगाच्या झाकणावर १७६४ कोरलंय, तळाला चाकाची खूण आहे, म्हणजे ओळख पटली, आधी माती आणि झिलई बघा असं लिहून मी नवख्यांना उगाच घोळात घालतो.

हे मला पटत नाही. हा मग घडवला कुंभाराने, झाकण बसवलं कथलाचं काम करणाऱ्याने. दोघांची दुकानं वेगळी. झाकणावरची आद्याक्षरं आणि साल बहुधा मालकाची, कधी लग्नानिमित्त कोरून घेतलेली. मोडलं की नवं झाकण बसायचं, एका मगाचं दुसऱ्यावरही जायचं. तेव्हा १७६४ हे त्या कोरीव कामाचं साल. तुमचा मगही त्याच वर्षीचा आहे हे त्यावरून ठरत नाही. बिजागरीपासून मगाच्या कानाला (मुठीला) धरणारी पट्टी बघा. ती कानाच्या वळणाला चिकटून बसलीय का, की फट बुजवलीय? झाकण काठावर सगळीकडून सारखं टेकतं का?

आता चाक. सहा आऱ्यांचं चाक हे जर्मनीतल्या माइन्त्सच्या आर्चबिशपांचं चिन्ह. एर्फुर्ट आणि ह्योख्स्ट ही दोन्ही गावं तेव्हा त्यांच्याच अमलाखाली, आणि दोन्हीकडच्या फायान्सवर चाक सापडतं. शिवाय एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सामसाँ या कारखान्याने जुन्या भांड्यांच्या नकला खुणांसकट केल्या. तळाची सुटी अक्षरं तर अनेकदा नुसती रंगाऱ्याची असतात. काही खुणा खरंच उपयोगी पडतात, हेही सांगायला हवं. बायरॉइट या जर्मन गावातल्या कारखान्याची ‘बीके’ खूण तो चालवणाऱ्या क्न्योलरच्या काळातली, म्हणजे १७२८ ते १७४४ची. पण ती खरी की नक्कल, हे शेवटी भांडंच सांगतं.

म्हणूनच माती आधी. काठाचा टवका उडालेला असेल तिथे भिंग लावा. आत पिवळसर किंवा लालसर, सच्छिद्र माती आणि वर कथिलाच्या झिलईचा पांढरा अपारदर्शक थर दिसला तर ते फायान्स. पोर्सिलेन आतूनही पांढरं आणि काचेसारखं असतं. जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागाचं दगडी भांडं (स्टोनवेअर, म्हणजे कडक भाजलेली माती) राखाडी.

त्यानंतर रंगावरून बोट फिरवा. कच्च्या झिलईवर काढलेला कोबाल्टचा निळा किंवा मँगनीजचा जांभळा भट्टीत झिलईत मुरतो, कडा किंचित पसरतात. कमी आचेवर नंतर भाजलेले गुलाबीसारखे रंग वरच राहतात, बोटाला जाणवतात.

टवक्याचा, बिजागरीचा आणि तळाचा असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा. चाक कुठलं ते त्यावरून बोलू.