तिरक्या रेषांचा चार्ट हे ‘साहेबांना दाखवायचं चित्र’ नाही

रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा कामांवरच्या इंजिनिअरांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. परभणीपासून लातूरपर्यंतच्या चार-पाच जणांनी तो मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘टाइम-डिस्टन्स चार्ट म्हणजे साहेबांना दाखवायचं चित्र, एक नवीन फॅड. खरं नियोजन बार चार्टवरच होतं. तिरक्या रेषांत क्रिटिकल पाथ नसतो, त्याला महागडं सॉफ्टवेअर लागतं, आणि आपल्या मराठवाड्यात काम सलग चालतच नाही, मग रेषा काढायच्या कशाच्या?’

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची चूक आहेत, आणि नुकतीच साइटवर आलेली पोरं ती खरी धरून कामाला लागताहेत. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हा चार्ट पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. आडव्या अक्षावर अंतर, म्हणजे आपलं चेनेज. उभ्या अक्षावर खालून वर तारखा. प्रत्येक गँगची एक रेषा. रेषा जितकी आडवी पसरेल तितका कामाचा वेग जास्त. ती उभी चढायला लागली की काम रखडलं. मोरी एकाच जागी होते, म्हणून तिची छोटी उभी रेघ.

आता ‘खरं नियोजन बार चार्टवरच’ हा दावा. बार चार्टवर प्रत्येक कामाची सुरुवातीपासून शेवटच्या तारखेपर्यंत एक आडवी पट्टी असते. 18 किलोमीटरचा रस्ता घ्या. पहिले 8 किलोमीटर काळी माती, ती काढून मुरूम भरायचा, म्हणून भरावाचा वेग दिवसाला 100 मीटर. पुढचे 10 किलोमीटर जमीन मुरमाड, तिथे दिवसाला 250 मीटर. म्हणजे भरावाला 80 अधिक 40, एकूण 120 दिवस. मागून येणारी डब्ल्यूएमएमची (पाणी मिसळून दाबलेल्या खडीच्या थराची) गँग दिवसाला 200 मीटर करते, तिला 90 दिवस. ती 35व्या दिवशी सुरू केली की 125व्या दिवशी संपते. बार चार्टवर हे अगदी चोख दिसतं: सुरुवातीला 35 दिवसांचं अंतर, शेवटी 5 दिवसांचं. कुणीही सही करेल.

हेच आलेख कागदावर मांडा. 70व्या दिवशी, 7व्या किलोमीटरवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. 8व्या किलोमीटरला डब्ल्यूएमएम 75व्या दिवशी पोचतंय आणि भराव तिथे 80व्या दिवशी होणार आहे. पार 13व्या किलोमीटरपर्यंत वरचा थर खालच्या थराच्या पुढे धावतोय. असं होऊच शकत नाही. प्रत्यक्षात होतं ते हे: पेव्हर आणि रोलर उभे राहतात, भाडं चालू राहतं, नाहीतर मुकादम धड न दाबलेल्या भरावावरच थर टाकून मोकळा होतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथे रस्ता बसतो. उपाय चार्टवरच दिसतो. डब्ल्यूएमएम 45व्या दिवशी सुरू करा, 8व्या किलोमीटरवर 5 दिवसांची मोकळीक राहील, काम 135व्या दिवशी संपेल. बार चार्टने सांगितलेल्या 125पेक्षा हे 10 दिवस जास्त आहेत, पण खरे आहेत.

बार चार्टवरही काम किलोमीटरवार तोडलं तर ही चूक सापडते, हे मान्य. पण 18 किलोमीटर आणि सात थर म्हणजे 126 पट्ट्या, शिवाय त्यांना जोडणारे बाण. तो कागद साइटवर कुणी वाचत नाही.

‘नवीन फॅड’ म्हणणाऱ्यांनी रेल्वेचा कंट्रोल चार्ट आठवावा. आडवा वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. कंट्रोलर वर्षानुवर्षं तो पेन्सिलीने काढत आले, आता संगणकावर निघतो. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा स्थानकातच छेदायला हव्यात. मधे कुठे छेदल्या तर काय होईल हे सांगायला नको. पॅरिस–लियों मार्गाचं असं वेळापत्रक 19व्या शतकातलं आहे. ज्या क्रिटिकल पाथचा, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीचा, हा संदेश हवाला देतो, ती पद्धत ड्यूपाँट कंपनीच्या कामासाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी 1957च्या सुमारास उभी केली. म्हणजे रेषाच जुन्या.

सॉफ्टवेअरचं उत्तर छोटं आहे. 1 किलोमीटरला 2 सेंटिमीटर धरले तर वरचा रस्ता 36 सेंटिमीटर आलेख कागदावर मावतो. एक्सेलमध्ये हाच चार्ट अर्ध्या तासात होतो. विकत मिळणारी सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती नसली म्हणून अडत नाही.

क्रिटिकल पाथचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. सुरुवातीच्या रेषा-चार्टांत कोणतं काम शेवटची तारीख धरून ठेवतंय हे हिशोबाने निघत नसे, डोळ्यांनी ताडावं लागे. 1998मध्ये हार्मेलिंक आणि राउइंग्ज यांनी याच चार्टवरून नियंत्रक मार्ग काढण्याची रीत मांडली. दोन रेषा जिथे सर्वांत जवळ येतात तिथून तो मार्ग एका कामावरून दुसऱ्यावर उतरतो. आमच्या उदाहरणात तो बिंदू 8वा किलोमीटर आहे. तिथपर्यंत काळ्या मातीतला भराव तारीख धरून ठेवतो, पुढे डब्ल्यूएमएम. तरीही गोदावरीवरचा मोठा पूल असेल तर मी नेटवर्कच, म्हणजे कामं बाणांनी जोडलेला आराखडाच, वापरतो. पाया, खांब, गर्डर हे काम अंतरावर सरकत नाही, एका जागी वर चढतं. रस्त्याला रेषा, पुलाला नेटवर्क. यात भांडण कसलं?

राहिला मराठवाड्याचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खटकलेला. काम सलग चालत नाही, हे खरंच आहे. पण रेषांचा चार्ट सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो त्याच कारणाने. आपल्याकडचा प्रत्येक अडथळा एक तर जागेचा असतो, नाहीतर वेळेचा, नाहीतर दोन्हींचा, आणि या कागदावर त्याला बरोबर तेवढी जागा देता येते. जमिनीच्या दोन गटांचा ताबा मिळाला नसेल तर त्या चेनेजवर चौकोन काढायचा आणि ताब्याच्या तारखेपर्यंत तो भरून टाकायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत मशीन फसतं, तेवढ्या महिन्यांचा पट्टा फक्त काळ्या मातीच्या लांबीवर. मुरमाड भागात काम चालू राहतं, हे चार्ट सांगतो, बार चार्ट सांगत नाही. दसरा झाला की बीड, जालना, परभणीच्या तालुक्यांतली माणसं ऊसतोडीला निघतात. त्या मजुरांवर अवलंबून असलेल्या कामाची रेषा तिथून चढी काढावी लागते. कालव्याच्या कामावर तर आवर्तन आहेच. पाणी सुटलं की आत पाय ठेवता येत नाही, मग सगळ्या लांबीवर आडवा पट्टा.

कालव्याची आणखी एक गोष्ट. काळी माती फुगते-आकसते, म्हणून काँक्रीटचं अस्तर तिच्यावर थेट टिकत नाही. खाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, ज्याला आपण सीएनएस म्हणतो. आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टी यांच्या संशोधनातून आलेली ही पद्धत. हा थर उघडा राहिला तर एका जोरदार पावसात ओघळतो. इथे सीएनएस आणि अस्तर या दोन रेषा फार जवळ येण्याचं भय नसतं, फार लांब जाण्याचं असतं. तेही चार्टवर लगेच दिसतं.

आणि टक्केवारी. समृद्धी महामार्ग खुला झाला तो 520, 80, 25 आणि 76 किलोमीटर अशा सलग तुकड्यांनी. कारण मधे खंड असेल तर रस्ता वापरता येत नाही. कालव्याचं तर त्याहून कठीण. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे, उजवा 132चा. अशा लांबीवर मधेच काम अर्धवट पडलं की खालच्या शेतकऱ्याला ‘60 टक्के झालं’ या आकड्याचा काहीही उपयोग नाही.

एका कालव्याच्या दुरुस्तीवर मी हे स्वतः भोगलंय. अहवालात 60 टक्के होतं, आणि प्रत्यक्षात एक ना धड भाराभर चिंध्या. जिथे सोपं, तिथे अस्तर झालेलं. मी चार्ट काढून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावला, अक्षावर किलोमीटरांसोबत गावांची नावं लिहिली. शेपटाकडच्या गावाचे एक म्हातारे शेतकरी पाणी कधी येणार विचारायला आले होते. त्यांनी कागदावर आपलं गाव शोधलं, तिथून बोट वरच्या अंगाला सरकवत नेलं आणि दोन कोऱ्या जागांवर थांबवलं. ‘साहेब, आमच्या वर हे दोन ठिकाणी अडलंय. मग पोरं आमच्या खाली कशाला लावलीत?’

दुसऱ्या दिवशी सकाळी गँग 31व्या किलोमीटरवरून उचलून 19व्यावर आणली.