फोटो झाला असेल तर पहार घ्या

जूनच्या शेवटच्या रविवारी आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी उभं राहायला जागा नसते. बॅनर असतो, बॅनर धरणारे असतात, बॅनर वाकडा आहे असं सांगणारे असतात, आणि मधोमध जांभळाचं एक रोप सात जणांच्या हातात असतं. ऑक्टोबरात रानमोडी नावाचं परकं तण उपटायला बोलावलं की हे सातही जण लग्नाला गेलेले असतात. तुळशीचं लग्न लागायच्या आधी इतकी लग्नं गोव्यात कोण लावतं, हे विचारायचं नसतं. स्वयंसेवक दुखावला की पुढच्या जूनलासुद्धा येत नाही.

आमच्यासारखे फोंडा महालातले पुष्कळ व्हाळ ओपाच्या वरच्या अंगाला खांडेपार नदीला मिळतात. ओपाला ते पाणी गाळून, शुद्ध करून थेट पणजीपर्यंत जातं. पणजीहून कुणी काठावर हातांची घडी घालून उभा राहिला, तर त्याला एवढं एकच वाक्य सांगावं. घडी सुटते.

झाड लावणं हे जूनचं काम आहे, असा सार्वत्रिक समज आहे. ते मे महिन्याचं काम आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा मेमध्येच खणून ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे जमिनीखाली वीतभर गेलं की चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो. तिथे कुदळ नुसती टणटणते, पहारच लागते. पावसात भुसभुशीत मातीत खणू, असं म्हणणारे शहाणे दरवर्षी भेटतात. ओल्या चिकट मातीत खणलेल्या खड्ड्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मुळं त्या फोडून बाहेर जात नाहीत, आतल्या आत गोल फिरतात, आणि तीन वर्षांनी झाड जोराच्या वाऱ्याला मुळांच्या गोळ्यासकट आडवं होतं. खणताना वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची तांबडी दुसऱ्या बाजूला टाकावी. भरताना काळी खाली जाते, शेणखत मिसळून. दोन्ही ढीग एकत्र करून त्यावर चढून फोटो काढणारा माणूस मात्र कुठल्याच खतात मिसळत नाही.

लावण दोन-तीन दणदणीत पाऊस झाल्यावर करावी. पिशवी काढायची असते, हे सांगावं लागतं. हसू नका. काहीजण ती ओढून काढतात आणि सगळी माती पायावर सांडते. ब्लेडने उभी चीर द्यायची, खाली वेटोळं झालेली मुळं कापायची, आणि रोपाचं खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच जमिनीत ठेवायचं. त्याहून खोल गेलं तर बुंधा कुजतो. रोपाभोवती आळं करण्याची घाटावरची हौस इथे पावसाळ्यात करू नये. आळ्यात पाणी तुंबतं आणि रोप बुडून मरतं. आळं डिसेंबरात. आधाराच्या काठीला रोप सुंभाने आठाच्या आकड्यात सैल बांधावं. प्लास्टिकची सुतळी आवळून बांधली की ती वर्षभरात सालीत रुतते.

सगळ्यात धोकादायक स्वयंसेवक म्हणजे स्वतःचं रोप घेऊन येणारा. ते बहुधा गुलमोहराचं असतं. गुलमोहर मादागास्करचा. तो फुलतो सुरेख, पण व्हाळाच्या काठी त्याचं काय काम? ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप आणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार करावा. सरकारी लागवडीतून ती गोव्यात इतकी पसरली आहे की नव्या पिढीला ती इथलीच वाटते. आणि एकदा मोठी झाली की कापायलाही १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. (हाच तो कायदा, ज्याच्या व्याख्येप्रमाणे २०१६ साली माड हे झाड राहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याला राज्यवृक्ष केलं. माडाने दोन्ही बातम्या सारख्याच शांतपणे घेतल्या.)

काठावर कुठे काय लावायचं, हे पाणीच ठरवतं. पावसात जिथे लोंढा अंगावरून जातो तिथे शेरणी हे झुडूप. ती वाकते, झोपते, पाणी ओसरलं की उठते. तिच्या वरच्या अंगाला वाळुंज आणि केवडा, मुळांनी माती धरायला. त्याहून वर करंज, जांभूळ, उंबर. मोठी झाडं तीन-तीन मीटरवर, झुडपं मीटरभर अंतरावर. सगळी एका रांगेत, दोरी धरून लावायचा हट्ट निवृत्त शिक्षकांनी सोडावा. व्हाळ कवायतीला उभा नाही.

आता रानमोडी. ही अमेरिका खंडातून आलेली बाई, पण गावातल्या कुठल्याही भाटकारापेक्षा जास्त जमीन तिच्या ताब्यात आहे. गुरं तिला तोंड लावत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत फुलते, मग तिचं पिसांचं बी वाऱ्यावर उडतं. म्हणजे जे काही करायचं ते पाऊस सरल्यापासून फुलं येईपर्यंत, तेही माती ओली आहे तोवर. पुढे तीच माती चिऱ्यासारखी घट्ट होते आणि उपटायला जावं तर वरचं खोड हातात येतं, मूळ जागेवर राहतं. कोयती घेऊन येणाऱ्यांचा इथे फार उपद्रव होतो. सपासप कापल्याने तासाभरात मैदान साफ दिसतं, कापणाऱ्याला शौर्य गाजवल्यासारखं वाटतं, आणि प्रत्येक बुंध्याला पाच-सहा नवे फुटवे येतात. म्हणजे आपण तिची छाटणी करून दिली. दोन्ही हातांनी अगदी जमिनीजवळ धरावं, थोडं हलवावं, सरळ वर ओढावं. माती झटकावी आणि मुळं वर करून झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवावं. ओल्या जमिनीवर टाकली तर ती तिथेच परत मूळ धरते.

आणखी एक, हे उत्साहाच्या भरात सगळे विसरतात. सगळा काठ एकदम बोडका करू नये. उघडी माती पुढच्या पावसात व्हाळात जाते. वरच्या अंगाने सुरुवात करून पट्ट्यापट्ट्याने खाली यावं, आणि जितकं उपटलं तितक्या जागेत आपलं काही लावता येणार असेल तेवढंच उपटावं. जिथे काठ उभा कड्यासारखा आहे तिथे मूळ काढूच नये. बुडापासून कापत राहावं आणि शेजारच्या करंजाला सावली धरू द्यावी. सावलीत रानमोडीचं काही चालत नाही.

घाणेरीची गोष्ट वेगळी. ती उपटत नाही आणि तिचे काटे भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांना जुमानत नाहीत. जाड कॅनव्हासचे किंवा चामड्याचे आणा. माती उकरून सोटमूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि जाळी उलटी करून ठेवायची. फुटवे त्या वरच्या भागातूनच येतात.

आणि खाजकुयली! तिच्या शेंगांवरची सोनेरी लव एकदा मानेत गेली की माणूस पर्यावरणाविषयी काय काय बोलतो ते लिहिता येत नाही. तिचा समूळ नाश करायची मागणी तत्काळ पुढे येते. पण ती पडली देशी. आपल्याच तत्त्वाप्रमाणे तिला वाकून नमस्कार करून पुढे जायचं. खाज सुटली तर चोळू नये, पाणीही आधी लावू नये. चिकटपट्टी लावून ओढली की लव निघून येते. म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्टी हवीच. पायाला जखम असेल तर मात्र व्हाळात उतरूच नका. पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसला देशी-विदेशीचा भेद कळत नाही.

मध्ये चतुर्थी येते. गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली फळं लागतात, कांगणी, कवंडळ, सगळं. ज्यांनी वर्षभर व्हाळाकडे पाहिलं नाही त्यांना त्या आठवड्यात कुठल्या वेलीला काय लागलंय हे तोंडपाठ असतं. राग येतो, पण कौतुकही वाटतं. एवढी झाडं ओळखणारी माणसं एरवी कुठे लपलेली असतात? यांनाच ऑक्टोबरात पकडावं. नवशिक्या स्वयंसेवकाला रानमोडी समजून कुडा उपटायची सवय असते, ती हेच थांबवू शकतात. त्याच आठवड्यात निर्माल्यही येतं, पिशवीला गाठ मारून, जणू देवाला ते घरी न्यायचं आहे.

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात मार्चमध्ये रोपांना पाणी घालावं लागतं, हे परप्रांतातल्या मित्रांना पटत नाही. आठवड्याला रोपामागे दहा लिटर, संध्याकाळी, हळूहळू. बुंध्याभोवती माडाची सोडणं (नारळाची सालं) आणि चुडतं (झावळ्या) पसरावीत, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी थेट आत जाते. गुरांसाठी करवंदीच्या फांद्यांचं कुंपण. या कामाला बॅनर नसतो.

एवढं सगळं करून खालच्या कोंडीत जलपर्णी वाढतेच. ती ओढून काढतात तेव्हा भिजलेली, जड, पाण्याने भरलेली असते. काठालाच ढीग घालतात आणि पहिल्या पावसात तो परत पाण्यात येतो. पुराच्या रेषेच्या वर टाका, आणि खालच्या अंगाला आडवे बांबू बांधा म्हणजे तुकडे पुढे जाणार नाहीत. मग वरच्या अंगाला चालत जाऊन पाहा. कुठल्यातरी कुंपणाखालून सांडपाण्याचा चार इंची पाईप व्हाळात सोडलेला असतो. जलपर्णी त्याच्यावर पोसलेली असते. पाईपवाल्याकडे पहार घेऊन जाऊ नये. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीला समिती असते, तिला अर्ज लिहावा, प्रत सरपंचाला द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. पोच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. उत्तर येईपर्यंत निदान एक पावसाळा जातो, आणि गोव्यात कपाटातलाही कागद भिजतो.